परत आल्याचा रकाना

आमच्या खारवणे गावाची गावपळण दर तीन वर्षांनी येते. तुळशीची लग्नं लागली की रवळनाथाला कौल लावतात. देवाने उजवी पाकळी पाडली की अख्खा गाव तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, मागे कोणी राहायचं नाही. गावाच्या कडेचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की आमची हद्द संपते. पलीकडच्या माळावर नारळाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि मग तीन दिवस पत्ते, भजनं, व्हाळातल्या कुर्ल्या आणि एकमेकांची उणीदुणी. पाऊस सरलेला, भात कापून झालेलं, हवा अशी की अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतं आणि घेतलं की टाकावंसं वाटतं. पोरांना वाटतं देवाने सहल काढली. मोठ्यांनाही तसंच वाटतं, पण ते भक्तीचं नाव घेतात.

गाव खरंच रिकामा झाला की नाही याची यादी मी ठेवतो. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मानकऱ्यांनी वही माझ्या हातात दिली. पाच रकाने: घर, माणसं, जनावरं, गेले कुठे, परत आले. या वहीने मला गावाबद्दल जे शिकवलं ते तीस वर्षांच्या मास्तरकीने शिकवलं नाही. सीता दर खेपेला दोन कोंबड्या कमी सांगते, कारण त्या दोन माळावर पहिल्याच दिवशी रश्श्यात जातात. विमला नवऱ्याला माणसांत मोजू की जनावरांत, असं दर वेळी विचारते, आणि नवरा दर वेळी हसतो.

चौथ्या रकान्यात पूर्वी वरपासून खालपर्यंत एकच शब्द असे: माळावर. रेल्वे आली, पोरं बाहेर गेली, आणि तिथे कणकवली, मालवण, कुडाळ अशी गावं दिसू लागली. २००३ सालच्या गावपळणीला गंगू माझ्या समोर येऊन उभी राहिली. गंगू म्हणजे माझी शेजारीण, अडुसष्ट वर्षांची, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, घरात एकटी.

"लिवा भावजी. कोल्लापूर. मोठ्या अक्षरात लिवा."

"यतीनकडे?"

"मगे काय म्हाराजांकडे? झील तो माझो."

"बोलवल्यान?"

"बोलवल्यान म्हणजे! चार चार फोन केल्यान."

व्हाळापलीकडे मथुरेची चहाची टपरी आहे, तिथेच मी वही घेऊन बसलो होतो. गावातल्या बऱ्याच जणांचे फोन तिथेच येतात. मथुरा पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. तिने मागे न बघता एक बोट वर केलं. एकच. मी ते बघितलं, गंगूनेही बघितलं, आणि मी मोठ्या अक्षरात कोल्हापूर लिहिलं.

ती का जाते आहे हे मला ठाऊक होतं. श्रावणात ती विहिरीच्या काठावर पडली होती. सकाळी सातला पडली, आणि दुपारी दूध घालायला मुलगी आली तेव्हा सापडली. गुडघा बरा झाला. पण तेव्हापासून ती झोपताना दाराला कडी लावत नाही. उद्या कोणाला दार फोडावं लागू नये म्हणून. नऊ वर्षं यतीन कोल्हापुरात होता, नऊ वर्षांत त्याने आईला राहायला बोलावलं नव्हतं. आता देवानेच घराबाहेर काढली तर तो 'ये' म्हणाला. या तीन दिवसांत त्याने एवढंच म्हणावं, 'आई, आता हयच रव', एवढीच तिची आशा होती.

"तूच इचार त्याका," मी म्हटलं.

"मी इचारूचंय? पोटच्या पोराक? नको भावजी. मागान घेतलेल्या जाग्यार झोप लागणा नाय."

पुढचं सगळं तिने मला नंतर सांगितलं, आणि सांगायला तिला वेळ भरपूर मिळाला. दोन-तीन गोष्टी मी फिरवून फिरवून विचारल्या. उत्तर बदललं नाही, म्हणून इथे देतो.

यतीन स्टँडवर घ्यायला आला होता. फोंडा घाट चढताना त्याची मालवणी गाडीतून खाली पडली असावी, कारण आईशी तो सगळं पुस्तकातल्यासारखं बोलला. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, स्वच्छ. सून वर्षाली दारातच पाया पडली. नात आरोही नऊ वर्षांची. तिने आजीचा हात धरून थेट फ्रीजपाशी नेलं. तिथे एक कागद चिकटवलेला होता. वर रंगीत अक्षरांत 'आजीचा कार्यक्रम'. बुधवार: रंकाळा आणि भेळ. गुरुवार: अंबाबाई आणि राजवाडा. शुक्रवार: गुऱ्हाळ. शनिवार: सकाळी अकरा, आजीची एसटी. एसटीचं चित्रही काढलेलं होतं, लाल, खिडकीत अंबाड्याचं एक डोकं.

गंगू चौथी शिकलेली. तिने सगळ्यात खालची ओळ आधी वाचली.

"देवान अजून परतीचो कौल देवक नाय, आणि तू गाडी ठरवलंस?"

"अगं आई, आयत्या वेळी रिझर्वेशन मिळत नाही. शनिवार आहे."

"आणि देव नाय म्हणालो तर?"

"मागे कधी म्हणालाय?"

खरं होतं. पंचवीस वर्षांत कधी म्हणाला नव्हता. पण हे असं बोलायचं नसतं.

तर कार्यक्रम सुरू झाला, आणि खरं सांगतो, तिला मजा आली. हे तिने स्वतः कबूल केलं, आणि मजा कबूल करणारी ती बाई नव्हे. रंकाळ्यावर ऊन कलतं झालं होतं, पाण्यावरून गार वारा येत होता, आणि माणसं नुसती काठाकाठाने चालत होती. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, पँटीतल्या पोरी, कुत्र्याला घेऊन पोलिस.

"हे सगळे जातत खंय?" तिने विचारलं.

"कुठे नाही. फिरतात."

"आणि मगे?"

"मग घरी."

"घराक जावचा तर भायर कित्या पडले?"

आरोही इतकी हसली की भेळेतला चुरमुरा तिच्या नाकात गेला. दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या देवळाबाहेर वर्षालीने सासूला शेवंतीची वेणी घेतली. विधवा बाई, माळू की नको करत होती, वर्षाली म्हणाली, "अहो आई, इथे कोण बघतंय?" आणि तिने माळली. राजवाड्यात पेंढा भरलेला वाघ बघितला. तिसऱ्या दिवशी सगळे गुऱ्हाळावर गेले. हंगाम नुकताच लागला होता. मोठ्या कढईत रस रटरटत होता, वाफेत माणसं दिसत नव्हती, आणि एका शेतकऱ्याने उसाच्या दांडक्याला ऊन ऊन गूळ गुंडाळून आजी-नातीच्या हातात दिला. दोघींची तोंडं चिकटून बसली. यतीनने फोटो काढला. तो फोटो मी बघितला आहे. गंगूला इतकं हसताना मी तिच्या लग्नानंतर बघितलं नव्हतं.

सुनेचा एक वाकडा शब्द नाही. आंघोळीला गरम पाणी, जेवणात आमसुलाचं सार, रात्री गुडघ्याला तेल. आरोहीने आपली खाट आजीला दिली आणि स्वतः खाली गादीवर झोपली. दप्तर, पुस्तकं, सगळं बाहेरच्या खोलीत हलवलं होतं. तीन दिवसांसाठी हलवतात तसं; खुर्चीवर रचून ठेवलेलं.

आणि तीन दिवसांत नुसतं बसायला म्हणून वेळ ठेवलेला नव्हता. गुऱ्हाळावरून येताना रिक्षात गंगूने सुरुवात केली, "श्रावणात मी बावीकडे पडलंय तेवा..." आणि यतीनने रिक्षा थांबवली. "आई, शहाळं बघ! आपल्याकडचंच असतं हे." तर मालवणाकडची बाई कोल्हापुरात उभी राहून मालवणचं शहाळं प्यायली. पाणी आंबूस झालेलं. 'गॉड आसा' म्हणाली.

इकडे माळावर शनिवारी सकाळी गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही 'होय म्हाराजा' म्हटलं, आणि फार वेळ न लावता उजवी पाकळी पडली. आता सांजेच्या आत सगळ्यांनी घरी जायचं आणि आपापल्या दारात दिवा लावायचा. हा दिवा घरच्याच माणसाने लावायचा असतो, शेजाऱ्याचा चालत नाही. ज्या दारात त्या सांजेला दिवा लागला नाही, ते घर देव सुटलेलं धरतो. मग त्या घराच्या माणसाने हद्दीबाहेर थांबायचं, त्याच्यासाठी वेगळा कौल लावायचा, आणि देवाने 'ये' म्हटलं तर यायचं. असं एकदाच झालं होतं. एकाची एसटी घाटात बंद पडली, दोन दिवस उशीर झाला, तिसऱ्या दिवशी कौल मिळाला, गडी घरी. हे गंगूलाही ठाऊक होतं. तिने हिशेब केला तो या एका उदाहरणावर.

साडेनऊला मथुरेच्या टपरीवर फोन वाजला. मथुरेचे हात पिठात होते, म्हणून मी उचलला.

"भावजी? कौल झालो?"

"झालो गो. उजवी पडली. सांजेक दिवे."

मग तिचा आवाज एकदम मोठा झाला, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"काय म्हणतास? नाय दिल्यान?"

"अगो, दिल्यान म्हणतंय! उजवी!"

"अरे देवा! मगे किती दिस रवाचा लागतला?"

"वैनी, तुका आयकाक येता मा? अकराची गाडी धर. सांजेक तुझ्या दारात..."

"तुमका पण म्हायत नाय? बरा बरा. देवाच्या मनात असात तसा." आणि तिने फोन ठेवला.

मथुरा कणीक मळता मळता थांबली होती. "काय म्हणता ती?"

"देव नाय म्हणालो म्हणता."

"कोणाचो देव?" मथुरा म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मेल्या म्हाताऱ्या, परत फोन कर तिका."

मी केला नाही. मला वाटलं, दोन दिवसांत यतीन 'रव' म्हणेल. माणूस म्हणतो. सांजेला एकशे एकोणीस दारांत दिवे लागले आणि एक दार काळं राहिलं. मानकऱ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, एसटी चुकली असेल. वहीत तिच्या घरापुढचा शेवटचा रकाना कोरा ठेवला.

कोल्हापुरात यतीन तिकीट रद्द करून आला. पण कागदावरचा कार्यक्रम संपला होता, आणि कार्यक्रम संपल्यावर काय करायचं हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी यतीन वर्तमानपत्र उलटंपालटं वाचत बसला. वर्षालीने दोनदा कपाट आवरलं. आरोहीने कागदावर एसटीच्या चित्रावर फुली मारली आणि लिहिलं, 'देव नाही म्हणाला'. रविवारी आरोहीला पाठ करायचं होतं, वही कुठल्या ढिगात आहे ते सापडेना, ती रडली. वर्षाली हळूच म्हणाली, "होईल गं, थोडे दिवस." ते गंगूने ऐकलं. त्यातला 'थोडे' हा शब्द तिने मला दोनदा सांगितला.

सोमवारी दुपारी टपरीवर पुन्हा फोन वाजला. पुन्हा मीच होतो.

"काका, यतीन बोलतोय. कौल झाला का हो?"

आता इथे मी थांबतो. मला 'नाही झाला' म्हणता आलं असतं. एक शब्द. मथुरा समोरून माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी 'नाही म्हण, नाही म्हण' करत होती. पण वही सांभाळणाऱ्या माणसाला वाटतं की आपलं तोंडही वहीच आहे.

"शनिवारीच झालो रे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी तो आईला एकटीला रंकाळ्यावर घेऊन गेला. आरोही नाही, वर्षाली नाही. गंगूला वाटलं, आता म्हणणार. तिने पदर नीट केला. दोघे कठड्यावर बसले, भेळ आली, ऊन पाण्यात उतरत होतं, आणि माणसं कुठे न जाता चालत होती.

"आई, मी आज काकांना फोन केला होता."

ती भेळ ढवळत राहिली.

"असं कशाला करायचं? मला सांगायचं ना. तुला अजून दोन दिवस राहावंसं वाटत होतं तर मी काय नाही म्हणालो असतो?"

"दोन दिस," ती म्हणाली.

"हो मग. दोन काय, तीन राहा. त्यासाठी देवाला कशाला मधे घ्यायचं?" आणि तो हसला, लाडाने. त्याने तिचा गुडघा थोपटला. पोरगं वाईट नाही. मी त्याला शिकवलंय; गणितात बरा होता.

मी तिला विचारलं, "तेवा तरी सांगलंस कित्या नाय?"

"काय सांगतलंय? त्याच्या डोळ्यांत बगलंय भावजी. त्याका खराच वाटत होता की माका दोन दिस होये होते. त्याच्या मनात दुसरा काय येवकच नाय. मी म्हटलंय, भेळ तिखट आसा."

मंगळवारी ती परत आली. शेवंतीची वेणी सुकून पिशवीत, गुळाची ढेप, गुऱ्हाळावरचा फोटो आणि आरोहीने घडी घालून दिलेला तो फ्रीजवरचा कागद. व्हाळापलीकडे, माळाच्या बाजूला मी उभा होतो. माझीच खोप अजून मोडायची राहिली होती. ती तिला दिली. म्हटलं, एक-दोन रात्री. गुरवाला सांगून ठेवलंय.

बुधवारी कौल लावला. डावी पडली.

गुरव म्हणाला, पाकळी ओली होती. पुढच्या सोमवारी पुन्हा लावला. गाऱ्हाणं यथासांग, चुकीची माफी, नारळ, सगळं. गंगू व्हाळापलीकडे हात जोडून उभी. डावी पडली. पंचवीस वर्षांत न म्हटलेलं 'नाही' देवाने आठवड्यात दोनदा म्हटलं. मानकरी एकमेकांकडे बघू लागले. देवाच्या नावावर ती काय बोलली हे एव्हाना गावभर झालं होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही. मथुरेनेही नाही म्हणते. ठरलं, की आता पौष पुनवेला विचारू.

बायका डबे घेऊन व्हाळ ओलांडून जात. पहिल्या आठवड्यात मी नऊ घरं मोजली, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात मथुरा आणि माझी बायको. सीतेने एकदा कोंबडीचा रस्सा आणला, बसली, आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. पुन्हा आली नाही; ऐकायचं राहिलं नव्हतं. गंगूचा भाऊ शेजारच्या गावात होता, तो गेल्याच साली वारला. भावजय म्हणाली, येवंदे, पण देवाने बाहेर ठेवलेलं माणूस घरात घेतलं तर आमच्यावर काय येईल?

"यतीनाक कळवतंय," मी म्हटलं.

"काय कळवतालात?" ती खोपीच्या तोंडाशी तांदूळ निवडत बसली होती. मान वर केली नाही. "देव घराक घेणा नाय म्हणान?"

मग मला समजलं; हेच ती आधी खोटं सांगून बसली होती. तरी मी टपरीवर गेलो आणि नंबर फिरवला. यतीननेच उचलला. मी सगळं सांगितलं. दोनदा डावी, पौष पुनव, खोप, गार वारा, गुडघा. तो शांतपणे ऐकत होता. मग हसायला लागला.

"काका! आता तुम्हालाही सामील करून घेतलं तिने?"

"नाय रे बाबा. खरा सांगतंय."

"तिला म्हणावं, देव आता पुरे. मे महिन्यात आणतो की. आरोहीची परीक्षा झाली की. या वेळी पन्हाळ्याला नेऊ, तिचं पन्हाळा बघायचं राहिलंय. आरोहीने कागदसुद्धा करून ठेवलाय."

"यतीन, मी मास्तर तुझो. मी खोटा बोलतलंय?"

"तसं नाही हो काका," तो म्हणाला, आणि आवाजात हसू तसंच होतं. "तुम्ही पण तिच्यासारखेच चांगले आहात."

मी फोन ठेवला. मथुरेने न विचारता चहा पुढे केला. पैसे घेतले नाहीत. या बाईने पैसे घेतले नाहीत म्हणजे काय ते मला माहीत आहे.

व्हाळ ओलांडून गेलो. गंगूने तांदूळ निवडून संपवले होते. खोपीच्या आत, कुडाच्या काठीला, तो कागद खोचलेला होता. वरून खाली तिघा-चौघांची नावं वाचावी तसे ते दिवस: बुधवार, गुरुवार, शुक्रवार, आणि फुली मारलेली लाल एसटी.

"काय म्हणालो?"

"लायन लागणा नाय," मी म्हटलं. या वेळी खोटं जमलं. जिथे उपयोग होता तिथे जमलं नव्हतं.

"बरा," ती म्हणाली. मग तिने हात वर करून छपराच्या झापांना चाचपलं. एक वाळकी पाती तुटून तिच्या केसांत पडली. तिने ती काढली नाही.

"भावजी, हे झाप किती टिकतत?"

"पावसापर्यंत."

"मगे झाला," ती म्हणाली, आणि तांदूळ धुवायला व्हाळाकडे उतरली.